उन्हात तापणारा कॅम्पिंग ट्रेलर: आधी एसी की आधी सावली?

पार्श्वभूमी

सामान वाहण्याचा बंदिस्त ट्रेलर घेऊन त्यात पलंग, ओटा आणि फ्रिज बसवून केलेला हा कॅम्पिंग ट्रेलर. वापरणारे नवरा-बायको आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

ट्रेलरची बाहेरून लांबी ३.७ मीटर, रुंदी १.९ मीटर आणि उंचीही जवळपास तेवढीच. आत साधारण १२ घनमीटर हवा मावते. सांगाडा २५ मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी पाइपांचा, दर ४० सेंटिमीटरला एक पाइप. त्यावर बाहेरून पातळ पत्रा, गडद राखाडी रंगाचा. छतालाही तोच रंग. पाइपांमधल्या खणांत २५ मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस फोम (उष्णता अडवणारी कडक पॉलिस्टायरीनची शीट), फोमला चिकटून बुडबुड्यांचा चमकदार फॉइल, आणि त्यावर ४ मिलिमीटरचा प्लाय थेट पाइपांवर स्क्रूने आवळलेला. दोन्ही लांब भिंतींना ॲक्रिलिकची एकेक खिडकी. छताच्या मध्यावर पारदर्शक झाकणाचा ३५ सेंटिमीटर चौकोनी झरोका. वीज १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीची. फ्रिज गॅसवर आणि विजेवरही चालणारा, ॲब्सॉर्प्शन जातीचा, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेच्या जोरावर गार करणारा.

हिवाळ्यात ट्रेलर मस्त ऊबदार राहिला. त्यामुळे इन्सुलेशन चांगलं झालंय अशी मालकांची खात्री पटली, आणि पुढचे काही चुकीचे खर्च याच खात्रीपोटी झाले.

अडचण

बाहेर सावलीत ३८ अंश असताना दुपारी तीन वाजता आत ४५ अंश. हे दुपारचं झालं. पण खरी तक्रार रात्रीची होती. रात्री दहाला बाहेरची हवा २८ वर आलेली, आणि आत अजून ३४. मुलगी झोपेना, आणि मोठ्यांना तर वरून झळ येत असल्यासारखं वाटायचं. हे नुसतं वाटणं नव्हतं. उभ्या माणसाच्या डोक्यापासून छत वीतभर अंतरावर असलं आणि ते तापलेलं असलं, तर त्यातून निघणारी उष्णता थेट अंगावर येते. हवा कितीही हलवली तरी ती कमी होत नाही.

हिवाळ्याचा अनुभव उन्हाळ्यात का चालत नाही, ते आधी समजून घेऊ. थंडीत आत-बाहेर दहा-पंधरा अंशांचा फरक असतो. उन्हात मात्र इन्सुलेशनच्या पलीकडे बाहेरची हवा नसते, तापलेला पत्रा असतो. डोक्यावरच्या उन्हातून दर चौरस मीटरवर साधारण १००० वॉट उष्णता पडते आणि गडद रंग त्यातली सुमारे ९० टक्के पिऊन टाकतो. या ट्रेलरच्या ७ चौरस मीटर छतावर म्हणजे सहा किलोवॉटच्या वर. त्यातली बहुतेक वाऱ्याबरोबर बाहेरच्या बाहेर जाते हे खरं, पण तोवर पत्रा ७२ अंशांवर पोहोचलेला असतो. इन्सुलेशनला तोंड द्यायचंय ते या ७२ ला.

आधी करून पाहिलेले उपाय

पहिला उपाय सगळे करतात तोच: चाकांवरचा, एका नळीचा पोर्टेबल एसी. विजेची जोडणी असलेल्या जागी तो दिवसभर चालवला. आतलं तापमान दोन-तीन अंश उतरलं आणि तिथेच अडकलं.

दोष यंत्राचा नव्हता. एका नळीचा एसी आतलीच हवा घेऊन, तिने स्वतःची गरम बाजू थंड करून, ती हवा नळीतून बाहेर फेकतो. तासाला ३५० घनमीटर हवा बाहेर जात असेल तर तेवढीच हवा फटींमधून आत येणार. १२ घनमीटरच्या खोलीत याचा अर्थ असा की दर दोन मिनिटांनी खोलीतली सगळी हवा बदलून ३८ अंशांची होते. आत ३० अंश ठेवायचे म्हटले तर जवळपास ९०० वॉट थंडावा या आयात हवेवरच खर्च होतो. वर ती जाड गरम नळी खोलीतच. मोठ्या घरात हा तोटा खपून जातो, डब्यात खपत नाही.

दुसरा उपाय खिडक्यांना आतून चमकदार पडदे. त्याने कवडसे थांबले, पण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतंच. परावर्तित झालेला काही भाग बाहेर जातो, बाकीची उष्णता पडदा आणि खिडकी यांच्या मध्ये कोंडते. ॲक्रिलिकच्या खिडक्यांच्या बाबतीत तर हे जपूनच करावं, कारण तापून तावदान वाकू शकतं.

तिसरा उपाय छतावर निळी ताडपत्री पसरणं. पत्र्याला टेकलेली ताडपत्री स्वतः तापते आणि ती उष्णता खाली देते. शिवाय वाऱ्याने पत्र्याला लागणारी थोडीफार हवाही तुटते. फरक जवळपास शून्य. इथे मालकांनी ‘सावली करून पाहिली, उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढला होता. तो पुढे पूर्ण उलटा ठरला.

मोजमाप

आणखी काही विकत घेण्याआधी एक दिवस फक्त मोजायचं ठरलं. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत तासातासाला नोंद: बाहेर सावलीतली हवा, आत छातीच्या उंचीवरची हवा, छताचा प्लाय दोन ठिकाणी, पश्चिमेची भिंत, जमीन आणि फ्रिजच्या मागची पोकळी. हवेसाठी साधे डिजिटल थर्मामीटर, पृष्ठभागांसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर.

इन्फ्रारेड थर्मामीटर चमकदार धातूवर खोटं बोलतो. फॉइलवर किंवा उघड्या ॲल्युमिनियमवर रोखला तर तो समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंबच वाचतो आणि तापलेला पत्रा गार दाखवतो. उपाय सोपा: तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि टेपवर मोजायचं.

दुपारी तीनच्या नोंदीत छताच्या प्लायवर पट्टे सापडले. फोमच्या खणाखाली ४४ अंश, पाइपाखाली ५६. हात फिरवला तरी कळत होतं. लोखंड फोमच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेतं. प्लाय थेट पाइपाला टेकलेला, पाइप थेट पत्र्याला. म्हणजे दर ४० सेंटिमीटरला उन्हाला आत यायला एक मोकळा रस्ता. नुसत्या फोममधून छतावाटे अंदाजे २५० वॉट येतील असा हिशोब निघतो. अशा पाइपांमुळे तो आकडा सहज दुप्पट होतो. बुडबुड्यांच्या फॉइलचा काहीच उपयोग नव्हता, कारण चमकदार पृष्ठभागाचं काम त्याच्यासमोर दोनेक सेंटिमीटर मोकळी हवा असेल तरच चालतं. दोन्ही बाजूंनी दाबलेला फॉइल म्हणजे नुसता धातूचा कागद.

आणखी दोन गोष्टी हाती लागल्या. छताच्या पारदर्शक झरोक्यातून ९० वॉटच्या आसपास ऊन थेट पलंगावर पडत होतं. आणि फ्रिजच्या मागची पोकळी खोलीकडे उघडी होती. ॲब्सॉर्प्शन फ्रिज विजेवर चालताना साधारण १२० वॉट सतत खातो, आणि ती सगळी उष्णता, अधिक फ्रिजमधून बाहेर काढलेली, मागच्या नळ्यांतून बाहेर टाकतो. इथे ती बाहेर नव्हे, खोलीत पडत होती.

पर्याय

छतावरचा मोठा एसी पहिल्यांदा बाद झाला. तो १.३ ते १.५ किलोवॉट वीज घेतो. १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतून, ती अर्ध्यापेक्षा खाली न उतरवता, सुमारे ६०० वॉट-तास मिळतात. म्हणजे अर्धा तासही नाही. शिवाय ३० ते ४० किलोचं वजन पातळ पत्र्याच्या छतावर, आणि त्यासाठी सांगाडा मजबूत करावा लागणार. ही मंडळी बहुतेक वेळा विजेच्या जोडणीशिवाय मुक्काम करतात.

१.५ किलोवॉट थंडावा देणारा, भिंतीत बसणारा छोटा एसी हा विचार करण्याजोगा पर्याय होता. तो ४५० ते ५०० वॉटमध्ये भागवतो आणि त्याची गरम बाजू पूर्णपणे बाहेर राहते. पण आत येणारी उष्णता आधी निम्मी केल्याशिवाय तोही कमीच पडला असता. म्हणून नकार दिला नाही, पुढे ढकलला.

आतून आणखी इन्सुलेशन करायचं तर सगळी फर्निचरं काढावी लागणार आणि उंची घटणार. त्याहून महत्त्वाचं, जाड इन्सुलेशन रात्री उलटतं. दिवसा आत शिरलेली उष्णता गादीत, लाकडात, पाण्याच्या टाकीत साठते. थर्मासमध्ये गरम पाणी भरून झाकण लावल्यासारखं. हवा खेळती नसेल तर जाड भिंत ती रात्रभर आतच राखते.

पाण्याचा कूलर कोरड्या हवेत उत्तम, पण दमट जागी निकामी. याचा हिशोब पुढे येतो.

राहिले पांढरा परावर्तक लेप, उचललेली सावली आणि छताचा पंखा. तिघांचा मिळून खर्च पोर्टेबल एसीपेक्षा कमी होता. पण क्रम काय ठेवायचा? पंखा आधी बसवावा असं नवऱ्याचं म्हणणं, कारण रात्रीचा त्रास मोठा. बायकोचं म्हणणं, छताला हात घालायचाच तर आधी भोक पाडून मग लेप लावण्यापेक्षा एकदाच नीट. पंख्याचा हिशोब केल्यावर प्रश्न सुटला. एक घनमीटर हवा एक अंश तापायला सुमारे १.१५ किलोज्यूल घेते. पंखा प्रत्यक्षात सेकंदाला ०.१५ घनमीटर हवा काढत असेल तर तो दर अंशामागे १७० वॉट बाहेर नेतो. आत १००० वॉट येत असतील तर खोली बाहेरच्यापेक्षा सहा अंश गरम राहणार. ५०० येत असतील तर तीन. पंखा खोलीला बाहेरच्या हवेपेक्षा थंड कधीच करणार नाही. आधी येणारी उष्णता अडवली तरच पंख्याचं चीज होतं. म्हणून क्रम ठरला तो असा: सावली, लेप, झरोक्याच्या जागी पंखा, आणि प्लाय उघडायचा की नाही ते सगळ्यात शेवटी.

काय केलं

सावली. ८० ते ९० टक्के ऊन अडवणारं शेडनेट, ४.२ मीटर लांब आणि ३.२ मीटर रुंद, छतापासून १५ सेंटिमीटर वर. जास्तीची रुंदी सगळी एका बाजूला, म्हणजे दुपारी ती बाजू पश्चिमेकडे ठेवता येते. आधाराला ॲल्युमिनियमच्या नळ्या, आणि त्यांच्या पकडी छतावर नव्हे तर भिंतीच्या वरच्या कडेला. छतावर जेवढी भोकं कमी तेवढं पुढचं गळणं कमी. मधली १५ सेंटिमीटरची पोकळी दोन्ही टोकांना उघडी. जाळी तापतेच, पण तिची उष्णता वारा घेऊन जातो, पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. उष्ण प्रदेशांसाठी बनवलेल्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांना वर दुसरं छत असायचं, ते याच कारणासाठी.

वाऱ्याचा विचार इथे आधीच करावा लागतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा १३ चौरस मीटर कापडावर समोरून आदळला तर ९५ किलोच्या आसपास जोर येतो. जाळीतून थोडा वारा पार होतो, तरीही चारही कोपऱ्यांना दोरीबरोबर रबरी ताण, जमिनीत ३० सेंटिमीटरचे खुंटे, आणि वारा वाढला की जाळी गुंडाळून ठेवायची. जाळी सैल राहून फडफडली तर दोन गोष्टी होतात: कडेची शिवण उसवते आणि पकडीजवळचा रंग घासून निघतो.

सूर्य मावळला की जाळी मागे सारायची. ही बारीक गोष्ट आहे, पण तिचा फायदा दिसला. निरभ्र रात्री छत मोकळ्या आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेच्याही खाली उतरू शकतं. वर जाळी असेल तर ते आकाश झाकलं जातं.

लेप. पांढरा, रबरासारखा ताणला जाणारा छताचा लेप. नवा असताना तो सुमारे ८० टक्के ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णता सहज बाहेर टाकतो. इथे ‘चांदीसारखा पत्रा चालेल ना?’ असा प्रश्न हमखास येतो. चमकदार पत्रा ऊन परतवतो खरा, पण जेवढं शोषतो तेवढी उष्णता बाहेर टाकायला तो कंजूष असतो, म्हणून उन्हात उघडा पत्रा पांढऱ्या छतापेक्षा जास्त तापतो.

काम लेप लावण्यापेक्षा तयारीचंच जास्त. साबणाच्या पाण्याने घासून धुणं, सुकवणं, स्क्रूंभोवतीचा गंज घासून गंजरोधक प्रायमर. सांध्यांवर पूर्वी लावलेलं सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडून काढलं, कारण सिलिकॉनवर कुठलाच रंग धरत नाही. पुढच्या पावसाळ्यात नेमका तिथेच लेप सुटतो. त्या जागी रंग धरणारं पॉलियुरेथेन सीलंट. मग दोन हात: पहिला लांबीच्या दिशेने, सुकल्यावर दुसरा रुंदीच्या दिशेने. ७ चौरस मीटरला दोन्ही हात मिळून सुमारे ७ लिटर लागले. काम सकाळी लवकर. पत्रा तापलेला असताना लावलं तर वरची साय लगेच सुकते, खालचं पाणी अडकतं आणि फोड येतात.

पंखा. पारदर्शक झरोका काढून त्याच ३५ सेंटिमीटरच्या भोकात अपारदर्शक पांढऱ्या झाकणाचा १२ व्होल्टचा पंखा. भोकाच्या चारही कडांना आतून लाकडी पट्ट्या दिल्या. नाहीतर स्क्रू नुसत्या पत्र्यात बसतात आणि खड्ड्यांतून जाताना ढिले होतात. चौकटीखाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), वर सीलंट. वायर २.५ चौरस मिलिमीटर, फ्यूज ५ अँपिअर. पूर्ण वेगाला पंखा ३ अँपिअर घेतो, मध्यम वेगाला १.५, म्हणजे आठ तासांच्या झोपेला १२ अँपिअर-अवर, हे बॅटरीला झेपतं.

पंखा लावला की लोक सगळ्या खिडक्या उघडतात. उलट करायचं. पंखा हवा बाहेर फेकतो, ती सगळ्यात जवळच्या भोकातून येते. ओट्याजवळची खिडकी उघडी असेल तर वारा ओट्यावरून छताकडे जातो आणि पलंग कोरडाच राहतो. म्हणून सावलीच्या बाजूची, पलंगाजवळची एकच खिडकी, पण पुरेशी उघडी. आत यायची जागा पंख्याच्या भोकाहून लहान नको. जमिनीत केलेल्या झडपेतून हवा घेऊन पाहिली. गवतावर ती छान चालली, डांबरी तळावर तिच्यातून ४४ अंशांची हवा येऊ लागली. तेव्हापासून डांबरावर ती बंद.

फ्रिज. मागची पोकळी खोलीच्या बाजूने पत्र्याने आणि उष्णता सोसणाऱ्या टेपने बंद केली, बाहेरच्या भिंतीला खाली एक आणि वर एक जाळी. अर्ध्या दिवसाचं काम. फ्रिजही आधीपेक्षा चांगला गार करू लागला, कारण त्यालाही त्याच कोंडलेल्या गरम हवेत जगावं लागत होतं. केलेल्या कामांपैकी श्रमाच्या मानाने सगळ्यात जास्त मिळालं ते इथे.

खिडक्यांना बाहेरून टिचबटणांचे पडदे लावले, आतले काढले.

मग उरला तो प्लायचा प्रश्न. सगळं छत उघडायचं म्हणजे आठवडाभराचं काम. पुन्हा मोजलं: पट्ट्यांमधला १२ अंशांचा फरक आता ४ वर आला होता, कारण बाहेरचा पत्राच ७२ वरून सावलीशिवाय ४७ वर, आणि सावलीत त्याहून खाली आला होता. रस्ता तसाच होता, त्यावरून येणारी वर्दळ कमी झाली. तेव्हा फक्त पलंगावरचं अर्धं छत उघडलं. उघडल्यावर दिसलं ते असं: स्प्रेचा गोंद उष्णतेने सुटून फोम प्लायवर येऊन पडलेला, वर बोटभर पोकळी, एका ठिकाणी गोंदातल्या द्रावकाने फोमला खड्डे पाडलेले, आणि पत्र्याला सगळ्यात जवळच्या एका शीटला बाक आलेला. एक्सपीएस साधारण ७५ अंशांपर्यंतच टिकतो, आणि गडद छताखाली तो त्या काठावरच होता. फोम पुन्हा बसवताना द्रावकरहित गोंद, आणि पाइप व प्लाय यांच्यामध्ये १० मिलिमीटरच्या बंद पेशींच्या फोमची पट्टी. स्क्रू त्या मानाने लांब घ्यावे लागले.

निकाल

सारख्याच उन्हाच्या दिवशी, बाहेर ३८ असताना, दुपारी तीनला आत ४५ ऐवजी ४० अंश. पलंगावरचा प्लाय पाइपाखाली ५६ ऐवजी ४१. रात्री दहाला बाहेर २८, आत ३४ ऐवजी २९. मुलगी झोपू लागली.

४० म्हणजे गारवा नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. सावली, लेप आणि पंखा मिळून खोलीला बाहेरच्या हवेच्या जवळ आणतात, खाली नेत नाहीत. दुपारी त्यांनी नियम केला: आत ३५ च्या वर असेल तर मुलीने आत झोपायचं नाही, आणि पाच मिनिटांसाठीसुद्धा तिला बंद ट्रेलरमध्ये सोडायचं नाही. स्वयंपाक बाहेर, शेगडीची दोनेक किलोवॉट उष्णता आणि वाफ आत कशाला घ्यायची.

पंख्याने एक नवा धोकाही आणला. खिडक्या लावून तो जोरात चालवला तर तो मिळेल तिथून हवा ओढतो, अगदी शेजाऱ्याच्या जनरेटरच्या धुरासकट. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाशेजारी बसवला, आणि पंखा चालू असताना एक खिडकी उघडी हवीच असं ठरवून टाकलं.

दुपारसाठी पुढे १२ व्होल्टचा छोटा पाण्याचा कूलर आला. कोरड्या जागी, ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला, ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे नुसत्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते तापमान, २१ च्या आसपास येतं; साधा कूलर त्या फरकाचा ७० टक्के गाठतो, म्हणजे २६ अंशांची हवा. खोली ३१ पर्यंत उतरली, तासाला लिटर-दीड लिटर पाणी लागलं, आणि छताचं झाकण उघडं ठेवावं लागलं, कारण ओली हवा बाहेर जायलाच हवी. तोच कूलर समुद्राकाठी, ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला, जेमतेम साडेचार अंश देऊन अंग चिकट करून गेला. तिथे त्याचा नुसता पंखा म्हणूनच वापर बरा.

वेगळं काय करता आलं असतं

मोजण्याचा दिवस पोर्टेबल एसीच्या आधी यायला हवा होता. मोजणीला लागलेली साधनं नगण्य, आणि फ्रिजची पोकळी त्याच दिवशी सापडली असती.

पाइप आणि प्लाय यांच्यामधली फोमची पट्टी ही मुळात बांधतानाच करायची गोष्ट. तेव्हा ती तासा-दोन तासांचं काम असते. नंतर तीच छत उघडण्याइतकी महाग पडते. नव्याने ट्रेलर बांधणाऱ्याने जाड फोमवर पैसे घालण्याआधी ही पट्टी करावी. फॉइल वापरायचाच तर प्लायच्या बाजूला दोन सेंटिमीटर पोकळी सोडून. नाहीतर सोडून द्यावा.

लेप आधी की पंखा आधी, यात नवऱ्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. भोक आणि चौकट आधी करून घेतली असती तर चौकटीभोवतीचं सीलंटही लेपाखाली गेलं असतं. आता ती कड उघडी आहे आणि दरवर्षी तपासावी लागते. लेपही दरवर्षी धुवावा लागेल; धूळ बसली की परावर्तन घटतं.

बॅटरी अजून पलंगाखाली, बंद कप्प्यात आहे. लेड-ॲसिडचं आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, तेव्हा तिला हवेशीर आणि सावलीची जागा देणं हे कूलर घेण्याच्या आधीचं काम होतं.

सगळ्यात मोठा राहिलेला भाग पश्चिमेची भिंत. संध्याकाळचं तिरपं ऊन छताला चुकवून थेट ७ चौरस मीटर गडद पत्र्यावर पडतं. ती पांढरी करायला नवरा तयार नाही, राखाडी रंग त्याला आवडतो. तडजोड म्हणून त्या बाजूला उभी जाळी टांगतात, आणि जागा असेल तिथे ट्रेलर गाडीपासून सोडण्याआधीच असा वळवून घेतात की पश्चिमेला आखूड भिंत यावी. दार, झाडं आणि शेजारी यांच्यामुळे ते दर वेळी जमत नाही. छोट्या एसीचा विषय निघाला की बायकोची अट तीच आहे: आधी भिंत रंगवायची, मग एसीची क्षमता मोजायची.